लम्पी दर पावसाळ्यात परत का येतो? लसीच्या तारखेत दडलंय उत्तर

पोळा जवळ आला की गेल्या काही वर्षांत गावागावात दोन गोष्टी सोबतच कानावर पडतात. एक, बैलांच्या झुली-गोंड्यांची खरेदी. आणि दुसरी, ‘अमक्याच्या गाईच्या अंगावर गाठी आल्यात.’ मग दवाखान्यात फोन जातात, डॉक्टर येतात, आजूबाजूच्या गावांत लसीकरण सुरू होतं, जनावरांचा बाजार बंद होतो. दोन-तीन महिन्यांनी रोग ओसरतो. सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

शेतकऱ्याचा प्रश्न साधा आहे. लस आहे, ती मोफत आहे, जनावरांना टोचलीही आहे. मग लम्पी जात का नाही?

‘लस भंपक आहे’ असं चावडीवर बसून म्हणणं सोपं आहे. ‘शेतकरीच सहकार्य करत नाहीत’ असं कार्यालयात बसून म्हणणंही सोपं आहे. पण ज्या शास्त्रज्ञांनी या रोगावर देशी लस तयार केली, त्यांच्या संशोधनातले आकडे नीट वाचले तर तिसरंच उत्तर हाती लागतं. लस काम करते, मात्र तिला काम करायला वेळ लागतो. आणि तो वेळ आपल्याकडे बहुतेकदा दिलाच जात नाही.

रोग आला कुठून?

लम्पी त्वचारोग हा विषाणूचा आजार आहे. मेंढ्यांची देवी आणि शेळ्यांची देवी ज्या विषाणूंमुळे होते, त्यांच्याच कुळातला हा विषाणू. पहिल्यांदा तो १९२९ मध्ये आफ्रिकेतल्या झांबियात दिसला. अनेक दशकं तो आफ्रिकेतच होता. नंतर पश्चिम आशिया, तुर्कस्तान, युरोपचा दक्षिण-पूर्व भाग असं करत २०१९ मध्ये तो बांगलादेशात आणि त्याच वर्षी आपल्याकडे ओडिशात पोहोचला.

माणसाला हा रोग होत नाही. दूध उकळून पिण्यात धोका नाही. २०२२ मध्ये दुधाबद्दल उठलेल्या अफवांनी दूध उत्पादकांना विनाकारण घोर लावला होता, म्हणून हे पुन्हा सांगणं गरजेचं. रोग पसरतो तो मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामुळे. गोठ्यातली चावरी माशी आजारी जनावराचं रक्त पिऊन शेजारच्या जनावरावर बसते आणि तिच्या सोंडेला लागलेला विषाणू तिथे पोहोचतो. पावसाळ्यात माश्या-डास वाढतात, म्हणून रोगही पावसाळ्यातच उसळतो. आजारी जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक झाली की तो एका रात्रीत दुसऱ्या जिल्ह्यात जातो.

महाराष्ट्रात २०२० मध्ये तो विदर्भाच्या टोकाला दिसला होता. पण खरा तडाखा बसला २०२२ मध्ये. ऑगस्टच्या सुरुवातीला जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात चिनावल इथे रुग्ण जनावर सापडलं आणि बघता बघता रोग राज्यभर गेला. सप्टेंबरमध्ये संपूर्ण राज्य ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झालं. जनावरांचे बाजार बंद, शर्यती बंद, वाहतूक बंद. राजस्थान-गुजरातमध्ये तर परिस्थिती याहून भीषण होती. त्या वर्षी देशभरात दीड लाखाहून जास्त जनावरं दगावल्याची सरकारी नोंद आहे.

राज्य सरकारने तेव्हा मदत जाहीर केली. दुभत्या गाईला ३० हजार, ओढकाम करणाऱ्या बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये. मदत मिळाली हे खरं. पण संकरित दुभती गाय नव्याने दावणीला बांधायची तर यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजावे लागतात, हे प्रत्येक दूधवाल्याला माहीत आहे. शिवाय जे जनावर वाचलं त्याचं आटलेलं दूध, गाभडलेली गाय, कामाला उभा न राहणारा बैल यांची भरपाई कुठल्याच यादीत नसते. म्हणून या रोगात खरा फायदा रोग होऊच न देण्यात आहे. आणि ते काम लस करते.

हिसारच्या प्रयोगशाळेत काय झालं?

भारतात लम्पी आला तेव्हा त्याच्यासाठी खास बनवलेली लस देशात नव्हती. म्हणून जवळच्या कुळातली, शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना द्यायला परवानगी मिळाली. इंग्रजीत तिला ‘गोट पॉक्स’ म्हणतात आणि गावातही आता तेच नाव रुळलं आहे. राज्यातल्या जनावरांना २०२२ मध्ये टोचली गेली ती हीच लस. दोन्ही विषाणू भाऊबंद असल्यामुळे एकाची ओळख झालेलं शरीर दुसऱ्यालाही बऱ्यापैकी ओळखतं, हा त्यामागचा विचार.

त्याच वेळी हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात वेगळं काम सुरू होतं. नाव घोड्यांचं असलं तरी या केंद्रात जनावरांच्या विषाणूंचा मोठा संग्रह आणि अभ्यास आहे. पशुवैद्यकीय शास्त्रज्ञ डॉ. नवीन कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये रांचीच्या आजारी गाईंमधून लम्पीचा विषाणू वेगळा काढला. उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था या कामात भागीदार होती. डॉ. नवीन कुमार पुढे पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे, म्हणजे कोविडच्या काळात घराघरात माहीत झालेल्या ‘एनआयव्ही’चे, संचालक झाले.

त्यांनी वापरलेली पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. विषाणू प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये सोडायचा. तो वाढला की त्यातला थोडा काढून नव्या पेशींमध्ये सोडायचा. असं पुन्हा पुन्हा, एकूण ५० वेळा करण्यात आलं. या पेशी गाईच्या नसतात, माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या असतात. परक्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहून विषाणू त्या घराला सरावतो आणि गाईला आजारी पाडण्याची त्याची ताकद जाते. पण त्याचा चेहरामोहरा तसाच राहतो. असा दुबळा विषाणू गाईला टोचला की तिला रोग होत नाही, मात्र तिचं शरीर शत्रूचा चेहरा लक्षात ठेवतं. या लसीचं नाव ‘लम्पी-प्रोव्हॅकइंड’. १० ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीत ती जाहीर झाली.

आता आकडे बघा, कारण गावात लसीबद्दल ज्या शंका आहेत त्यांची उत्तरं त्यातच आहेत.

आधी १० वासरांवर प्रयोग झाला. लस दिल्यावर त्यांना ना ताप आला, ना गाठी उठल्या. ३० व्या दिवशी त्यांच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं तयार झालेली होती आणि रोगट पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींची फौजही उभी राहिली होती. मग मुद्दाम त्यांना खरा, जहाल विषाणू टोचण्यात आला. लस घेतलेली सगळी वासरं सुरक्षित राहिली.

त्यानंतर प्रत्यक्ष गोठ्यांतल्या २६ हजार ९४० जनावरांना लस देऊन बघितली. लसीमुळे अंगावर गाठी उठल्या अशी जनावरं निघाली फक्त ५. दुभत्या १० हजार १०८ जनावरांच्या दुधात लक्षात घेण्याइतकी घट झाली नाही. गाभण २ हजार ८८९ जनावरांमध्ये लसीमुळे एकही गर्भपात झाला नाही. ‘गाभण गाईला नको, दुभतीला नको’ म्हणून सुई टाळणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. मात्र हे आकडे लम्पी-प्रोव्हॅकइंड या लसीचे आहेत. गोट पॉक्स लस वेगळी आहे, तिला हेच आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपल्या जनावराला कोणती लस देतायत, हे डॉक्टरांना विचारण्यात काही गैर नाही.

आणखी एक आकडा आहे. गोठ्यांतल्या जनावरांपैकी ८५.१८ टक्के जनावरांच्या रक्तात ३० व्या दिवशी प्रतिपिंडं सापडली. म्हणजे शंभरातल्या साधारण पंधरांमध्ये ती सापडली नाहीत. याचा अर्थ ती पंधरा उघडी पडली असा होत नाही, कारण देवीच्या कुळातल्या रोगांत पेशींची फौजही मोठं काम करते आणि ती रक्ताच्या या तपासणीत दिसत नाही. पण एवढं नक्की, की कुठलीही लस शंभरातल्या शंभर जनावरांवर सारखी चालत नाही. माणसांच्या लसींचंही तसंच आहे. म्हणूनच गावातली जास्तीत जास्त जनावरं टोचलेली असणं महत्त्वाचं ठरतं. आजूबाजूला सगळी सुरक्षित असली की मधल्या एखाद्या कच्च्या जनावरापर्यंत रोग पोहोचायला वाटच राहत नाही.

खरी गोम ३० दिवसांत

या संशोधनात सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘३० वा दिवस’ हा आहे. शास्त्रज्ञांनी सुई मारल्यावर लगेच परीक्षा घेतली नाही, महिनाभर थांबून घेतली. कारण शरीराला ओळख पटायला, फौज उभारायला तेवढा वेळ लागतो. पहिल्या काही दिवसांत जनावर जवळपास लस न घेतल्यासारखंच असतं. साधारण तीन आठवड्यांनी संरक्षण भक्कम होतं.

दुसऱ्या बाजूला रोगाचंही एक वेळापत्रक आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत काही दिवस ते चार आठवडे जाऊ शकतात. आंतरराष्ट्रीय नियमांत हा काळ २८ दिवस धरला जातो.

आता ही दोन वेळापत्रकं शेजारी ठेवा. समजा, एका गावात २० ऑगस्टला पहिली गाय आजारी दिसली. २५ ऑगस्टला गावात लस आली. पण माश्यांनी तोवर विषाणू आणखी पाच-दहा गोठ्यांत नेऊन ठेवला आहे. त्या जनावरांच्या अंगात रोग आहे, बाहेर दिसत नाही एवढंच. त्यांना २५ तारखेला सुई मारली आणि १ सप्टेंबरला गाठी आल्या. मालक म्हणणार, ‘लस दिली आणि लम्पी झाला.’ त्याच्या डोळ्यांना दिसलं ते खरंच आहे. पण कारण वेगळं आहे. रोग आधी पोहोचला होता, लस मागून आली.

पहिलं जनावर आजारी पडल्यावर पाच किलोमीटरच्या वर्तुळात लस द्यायची, ही सरकारी पद्धत आग पसरू नये म्हणून आहे. ती हवीच. पण घर पेटल्यावर भोवतीचा कडबा हलवणं आणि घर पेटूच नये म्हणून काळजी घेणं यात जो फरक आहे, तो इथेही आहे.

याहून एक बारकी गोष्ट आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. या लसींचं संरक्षण साधारण वर्षभर धरलं जातं, म्हणून दरवर्षी लस द्यायची असते. २०२२ मध्ये मोठं लसीकरण झालं ते सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे पुढच्या सप्टेंबरला त्याची मुदत संपत आली. सप्टेंबर हा कुठला महिना? पाऊस, चिखल, माश्या आणि लम्पीच्या भराचा. रोगाच्या तारखेवरून लसीची तारीख ठरली आणि मग दरवर्षी ऐन लढाईत ढाल जुनी झालेली. २०२३ मध्ये आणि त्यानंतरच्या पावसाळ्यांतही राज्यात लम्पीने डोकं वर काढलं, त्यामागे इतर कारणांसोबत हेही एक आहे.

वासरांची पळवाट

दुसरी पळवाट वासरांची. समजा, गावात ५०० गाई-बैल आहेत आणि एका वर्षी सगळ्यांना लस दिली. वर्षभरात शंभरेक वासरं जन्मतात. काही जनावरं बाजारातून येतात. म्हणजे एकाही शेतकऱ्याने हलगर्जी केली नाही तरी पुढच्या पावसाळ्यापर्यंत गावात रोगाला जागा तयार होते. विषाणूला दरवर्षी नवं अंगण मिळतं.

वासराचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच काही प्रतिपिंडं मिळतात. गाईच्या वासराला ती मिळत नाहीत. ते कोरडंच जन्माला येतं. आईची सगळी शिदोरी त्याला मिळते ती चिकातून. आणि वासराच्या आतड्याचं दार ही प्रतिपिंडं जशीच्या तशी आत घ्यायला पहिले काही तासच सताड उघडं असतं, चोवीस तासांत ते जवळपास बंद होतं. म्हणून पहिल्या दोन तासांत भरपेट चीक पाजायचा, पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका तरी पाजायचा, हा नियम. खरवस नंतरच्या चिकाचाही होतो. पहिला मान वासराचा.

आईला लस दिलेली असेल किंवा तिला रोग होऊन गेलेला असेल, तर चिकातून मिळालेली शिदोरी वासराला काही महिने पुरते. गंमत अशी की हीच शिदोरी लसीच्या आड येते. वासराच्या रक्तात आईची प्रतिपिंडं असतील तर ती लसीतल्या दुबळ्या विषाणूलाच मारून टाकतात आणि वासराचं शरीर काही शिकत नाही. म्हणून साधारण चार महिन्यांच्या पुढच्या वासरांना लस देतात.

अडचण अशी की लसीकरणाची मोहीम वर्षातून एकदा येते. मोहीम आली तेव्हा वासरू दोन महिन्यांचं होतं, म्हणून राहिलं. ते चार महिन्यांचं झालं तेव्हा मोहीम संपलेली. आईची शिदोरी संपली, लस मिळाली नाही आणि पावसाळा आला. गोठ्यातली ही वासरं कुणाच्याच हिशेबात नसतात.

देशी लसीला उशीर का?

इथे सरकारी यंत्रणेलाही प्रश्न विचारला पाहिजे. रांचीत विषाणू सापडला २०१९ मध्ये. लस जाहीर झाली ऑगस्ट २०२२ मध्ये. त्याच वर्षी २९ डिसेंबरला नागपुरात करार झाला आणि या लसीच्या उत्पादनाचं तंत्र पुण्यातल्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला द्यायचं ठरलं. राज्य सरकारची ही संस्था अनेक दशकं जनावरांच्या लसी बनवते. हिसारच्याच विषाणूवर आधारलेल्या एका खासगी कंपनीच्या लसीला देशाच्या औषध नियंत्रकांचा परवाना मिळाला तो फेब्रुवारी २०२५ मध्ये. या लसीचं वैशिष्ट्य असं की रक्त तपासून जनावराला लस दिली होती की खरा रोग होऊन गेला, हे वेगळं सांगता येतं. रोग कुठे फिरतोय हे शोधायला त्याचा मोठा उपयोग आहे.

जिवंत विषाणूची लस बाजारात आणताना घाई परवडत नाही, हे मान्य. प्रत्येक घाण्याची शुद्धता तपासावी लागते. विषाणू दुबळाच राहतो ना, बाटलीत दुसरा कुठला जंतू शिरला नाही ना, हे बघावं लागतं. त्यात चूक झाली तर लसच रोग पसरवेल. पण जाहीर झालेली लस आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये असलेली लस यांत अडीच वर्षांचं अंतर पडतं, तेव्हा त्याची किंमत गोठ्यात मोजली जाते.

फ्रिजचा मुद्दाही साधा नाही. जिवंत विषाणूची लस थंडच ठेवावी लागते. विरघळवलेली बाटली काही तासांतच वापरावी लागते. बर्फाविना दुपारभर मोटरसायकलच्या डिकीत फिरलेली लस टोचली तरी नुसतं पाणी टोचल्यासारखी होऊ शकते. एका दवाखान्याकडे अनेक गावं, माणसं कमी, पावसाळ्यात वाड्या-वस्त्यांचे रस्ते बंद. अशा वेळी ऑगस्टमध्ये धावपळ करून दिलेल्या लसीचा दर्जा आणि एप्रिलमध्ये निवांत दिलेल्या लसीचा दर्जा यात फरक पडणारच.

बुळकांडी गेली, मग लम्पी का नाही?

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘बुळकांडी’ आठवत असेल. गोठेच्या गोठे रिकामे करणारा तो रोग आज जगात कुठेच नाही. २०११ मध्ये जगातून त्याचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून कायमचा घालवलेला हा दुसराच रोग.

ते जमलं त्यातही एका पशुवैद्यकीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. वॉल्टर प्लोराइट या ब्रिटिश शास्त्रज्ञाने केनियात बुळकांडीचा विषाणू वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला आणि लस बनवली. म्हणजे हिसारमध्ये वापरलेली युक्ती तीच. भारतात त्याआधीपासून, १९२० च्या दशकात मुक्तेश्वरला झालेल्या संशोधनातून आलेली लस वापरात होती. मुक्तेश्वरची ही संस्था मुळात १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली होती. लम्पीच्या लसीत भागीदार असलेली इज्जतनगरची संस्था ती हीच. १९५४ पासून देशात बुळकांडीविरुद्ध मोहीम चालली आणि भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये नोंदला गेला. म्हणजे चाळीस वर्षं लागली.

बुळकांडीत दोन गोष्टी आपल्या बाजूच्या होत्या. प्लोराइटची लस एकदा टोचली की जनावराला जवळपास आयुष्यभर पुरायची. आणि तो रोग माश्यांनी पसरत नव्हता. लम्पीत या दोन्ही गोष्टी उलट आहेत. लस दरवर्षी लागते आणि माशीला गावाची वेस कळत नाही. त्यामुळे ‘एकदा मोहीम केली, काम झालं’ हा हिशेब लम्पीला लागू पडत नाही.

पण म्हणून हात टेकायची गरज नाही. युरोपच्या दक्षिण-पूर्वेकडे, बाल्कन देशांत, २०१६ मध्ये लम्पीचे ७ हजार ४८३ उद्रेक नोंदले गेले. तिथल्या देशांनी मिळून लम्पीचीच लस सगळ्या भागात दिली. २०१७ मध्ये उद्रेक उरले ३८५. एका वर्षात सुमारे ९५ टक्के घट. एका गावात लस आणि शेजारच्या गावात नाही, असं त्यांनी ठेवलं नाही. महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेनुसार गाई-बैल सुमारे १ कोटी ४० लाख आहेत. संख्या मोठी आहे, हवामान वेगळं आहे, पण तत्त्व तेच लागू पडतं.

मग गावाने काय करायचं?

घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी द्यायची, ही सवय गावांना जुनीच आहे. लम्पीचीही त्याच रांगेत बसवली तर निम्मं काम होतं. जून उजाडायच्या आत संरक्षण भक्कम हवं असेल तर मेच्या मध्यापर्यंत सुई झालेली असावी. दोन लसींत किती दिवसांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टर ठरवतील. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये लस झाली असेल तर यंदा सप्टेंबरची वाट न बघता आधीच द्यायची का, हेही त्यांनाच विचारावं. ग्रामपंचायतीने मार्च-एप्रिलमध्येच लसीची मागणी लेखी द्यावी. आजारी जनावर नसताना केलेल्या मागणीला उत्तर मिळायला वेळ लागतो, म्हणून ती लवकर करावी.

वासरांची नोंद वेगळी ठेवावी. दूध संकलन केंद्रावर रोज सकाळ-संध्याकाळ सगळे येतात. तिथे एका वहीत वासराची जन्मतारीख आणि चार महिने पूर्ण होण्याची तारीख लिहिली तरी दर महिन्याला किती डोस लागतील हे आपोआप कळतं. मोहिमेत राहून गेलेली वासरं एकत्र करून महिन्यातून एक दिवस डॉक्टरांना बोलावता येतं. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक इथे कामाला येतो. जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. पण बिल्ला फक्त बाजाराचा पास नाही. त्या क्रमांकावर लसीची तारीख ऑनलाइन चढली की नाही, हे सुई झाल्यावर तिथेच विचारून घ्यावं.

विकत आणलेलं जनावर थेट दावणीत बांधू नये. २८ दिवस वेगळं ठेवावं, निदान दुसऱ्या छपरात. ऊसतोडीला मराठवाड्यातून बैलजोड्या घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्यांनी निघायच्या किमान महिनाभर आधी लस घ्यावी. निघायच्या आदल्या दिवशी टोचलेल्या बैलाकडे कागद असतो, प्रतिकारशक्ती नसते.

लसीकरणाच्या वेळी प्रत्येक जनावराला नवी सुई वापरतायत ना, हे बघावं. एकच सुई सगळ्यांना मारली तर माशीचं काम माणूस करतो. आजारी दिसणाऱ्या जनावराला लस देऊ नये, ते आधी वेगळं बांधावं आणि डॉक्टरांना कळवावं. गावात पहिली गाठ दिसली की लपवू नये, १९६२ या क्रमांकावर फोन करावा. बाजार बंद होईल या भीतीने आठ दिवस लपवलेला रोग पुढे महिनाभर बाजार बंद ठेवतो.

गोठ्यातल्या माश्या आणि गोचीड कमी करणं हे लसीइतकंच महत्त्वाचं. शेण-मूत्र साचू न देणं, उकिरडा गोठ्यापासून लांब नेणं, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोचिडांचं औषध. यातलं काही नवं नाही. पण ज्या तीन आठवड्यांत लस अजून तयार होतेय, त्या काळात जनावराला दुसरं संरक्षण नाही.

शास्त्रज्ञांनी आपलं काम केलं आहे. कोणता विषाणू, कोणती लस, किती दिवसांत संरक्षण, किती काळ टिकतं, हे आता अंदाजाने बोलायची गरज नाही. उरलं आहे ते लस फ्रिजमधून गोठ्यापर्यंत योग्य महिन्यात पोहोचवणं. त्यासाठी पशुसंवर्धन विभागाने मेच्या आत किती डोस कुठल्या गावाला देणार हे जाहीर करावं आणि गावाने ते मागून घ्यावं. दिवाळीत जन्मलेलं वासरू होळीच्या सुमारास लसीच्या वयाचं होतं. त्या दिवशी त्याच्यासाठी बाटली तालुक्यात असते की नाही, यावरून पुढच्या पोळ्याला गावात काय ऐकू येणार हे ठरतं.